ग्रॅन्युलोमा म्हणाले आणि वायवा तिथेच संपली

पॅथॉलॉजीची तोंडी परीक्षा. मायक्रोस्कोपखालची स्लाइड तशी साधीच होती. गुलाबीसर पार्श्वभूमी, बारीक रक्तवाहिन्यांची दाटी, मधूनमधून लिम्फोसाइट्स (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार). परीक्षकांनी विचारलं, "काय आहे?" मी ठोकून दिलं, "ग्रॅन्युलोमा, सर." "कशामुळे?" "टीबी." ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे भरत आलेल्या जखमेला तू सहा महिने टीबीची औषधं देणार." त्यानंतर मी काय बोलले ते आजही आठवत नाही. पास झाले, पण अगदी काठावर.

क्रॉनिक इन्फ्लमेशनचा, म्हणजे जुनाट दाहाचा, धडा तुमचा एकदा वाचून झालाय असं धरते. मॅक्रोफेज (जंतू गिळणारी पेशी), लिम्फोसाइट, प्लाझ्मा सेल (प्रतिपिंडं बनवणारी पेशी), आणि एकीकडे ऊतीची नासधूस चालू असताना दुसरीकडे दुरुस्ती. ही व्याख्या मलाही तोंडपाठ होती. फक्त 'क्रॉनिक म्हणजे खूप दिवस चाललेलं' एवढ्यावर थांबू नका. जुनाट ऑस्टिओमायलायटिसमध्ये (हाडाच्या संसर्गात) महिनोन् महिने न्यूट्रोफिल, म्हणजे एरवी तीव्र दाहातल्या पेशी, सापडतात, आणि विषाणूच्या संसर्गात सुरुवातीलाच लिम्फोसाइट्सची गर्दी असू शकते. स्लाइडवर तारीख लिहिलेली नसते, पेशीच बघाव्या लागतात.

आता माझा खड्डा. ग्रॅन्युलेशन टिश्यू आणि ग्रॅन्युलोमा यांचा एकमेकांशी नावापुरताच संबंध आहे. भरत येणाऱ्या जखमेचा तळ नुसत्या डोळ्यांनी पाहिला तर लालसर, मऊ, दाणेदार दिसतो. त्या दाण्यांवरून ग्रॅन्युलेशन हे नाव आलं. मायक्रोस्कोपखाली तिथे नव्या केशवाहिन्या दिसतात, बऱ्याचदा पृष्ठभागाच्या दिशेने उभ्या चढलेल्या. त्यांच्या आतल्या पेशी फुगीर असतात, सोबत फायब्रोब्लास्ट (तंतू तयार करणाऱ्या पेशी) असतात आणि मधली जागा फिकट, सैल दिसते. कोवळ्या वाहिन्या गळतात, त्यामुळे तिथे सूज असते. ही सगळी दुरुस्तीची धावपळ आहे.

ग्रॅन्युलोमा म्हणजे मॅक्रोफेजचा घट्ट पुंजका. पचवता न येणारं काहीतरी समोर आलंय म्हणून त्यांनी घातलेला वेढा. मॅक्रोफेज इंटरल्युकिन-12 हा रासायनिक संदेश सोडून टी सेलला (लिम्फोसाइटच्या एका प्रकाराला) चेतवतो, टी सेल इंटरफेरॉन गॅमा सोडून मॅक्रोफेजला आणखी पेटवतो, आणि हे चक्र थांबत नाही. त्यातून मॅक्रोफेजचं रूपच बदलतं. सायटोप्लाझम फिकट गुलाबी होतं, पेशींच्या कडा एकमेकींत मिसळून जातात, केंद्रक लांबट होतं, चपलेच्या तळव्यासारखं. हा एपिथेलिऑइड सेल. तो दिसला नाही तर ग्रॅन्युलोमा हा शब्द उच्चारायचा नाही. बाहेरून बहुधा लिम्फोसाइट्सचं कडं असतं, आणि पुंजक्याच्या आत रक्तवाहिन्या जवळपास नसतात.

म्हणून मी आता कमी पॉवरवर आधी रक्तवाहिन्या शोधते. सगळीकडे वाहिन्याच वाहिन्या असतील तर तोंड बंद ठेवून आणखी बघते. वाहिन्या नसलेले फिकट गोल पुंजके दिसले तरच पॉवर वाढवून ते चपलेचे तळवे शोधायचे.

नावं ठेवणाऱ्यांनीही आपल्याशी दावा मांडलाय. पायोजेनिक ग्रॅन्युलोमामध्ये ना पू असतो ना ग्रॅन्युलोमा. ती केशवाहिन्यांची गाठ असते. दाताच्या मुळाशी होणारा पेरिअॅपिकल ग्रॅन्युलोमा हीसुद्धा मुख्यतः दाह झालेली ग्रॅन्युलेशन टिश्यूच. तेव्हा गोंधळ झाला तर स्वतःला ढ समजू नका.

पण आळस मात्र नको. मी फसले ती सिनिअरच्या नोट्सच्या झेरॉक्समुळे. त्यात 'ग्रॅन्यु' एवढं लिहून बाण काढला होता आणि पुढे 'टीबी'. अशा नोट्स आदल्या रात्री धीर देतात आणि दुसऱ्या दिवशी तोंडघशी पाडतात. आद्याक्षरांच्या युक्त्यांबद्दलही माझं मत तेच. मला वाचवलं ते एका डेमॉन्स्ट्रेटर मॅडमनी. त्या कधीच नाव विचारायच्या नाहीत. "नाव राहू दे, दिसतंय काय ते सांग," आणि हातात पेन्सिल द्यायच्या. सुरुवातीला चीड यायची. पण प्लाझ्मा सेल मी वाचून नाही, काढून शिकले: एका बाजूला सरकलेलं केंद्रक, त्यात घड्याळाच्या आकड्यांसारखे क्रोमॅटिनचे ठिपके, आणि शेजारी फिकट चंद्रकोर, जिथे गॉल्जी हा पेशीचा भाग असतो. एकदा काढलात की विसरूच शकत नाही.

इओसिनोफिल (कृमी आणि अॅलर्जी) आणि मास्ट सेल एका बैठकीत होतात. फायब्रोसिससाठी (ऊतीत तंतू साचण्यासाठी) टीजीएफ-बीटा हा संदेशवाहक रेणू नीट समजून घ्या, कारण सिरॉसिसपर्यंत तोच धागा जातो.

जायंट सेलजवळ, म्हणजे मॅक्रोफेज एकत्र मिळून बनलेल्या बहुकेंद्रकी पेशीजवळ, मात्र पुन्हा सावध. लँगहान्स आणि लँगरहान्स ही दोन वेगळी माणसं. थिओडोर लँगहान्सने 1868 मध्ये क्षयाच्या गाठीतल्या, कडेने केंद्रकं मांडलेल्या राक्षसी पेशींचं वर्णन केलं, आणि त्याच वर्षी पॉल लँगरहान्सने त्वचेतल्या पेशींचं. परीक्षकांना हा प्रश्न फार आवडतो. लँगहान्स जायंट सेल दिसला म्हणजे टीबी ठरला असंही नाही. सार्कॉइडमध्ये, कुष्ठरोगात, बुरशीच्या संसर्गातही तो दिसतो. मधोमध केझिअस नेक्रोसिस (चीजसारखी मऊ, मेलेली ऊती) असेल तर टीबीचा संशय बळावतो, पण झील-नील्सन (टीबीचे जंतू दाखवणारं रंगकाम) करायचंच. आणि ते निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही, असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

पुढच्या परीक्षेत नेमकी जायंट सेलचीच स्लाइड आली. लँगहान्स हा शब्द अगदी ओठांवर होता. पण केंद्रकं कडेने नाल मांडून बसलेली नव्हती, पेशीभर कशीही विखुरलेली होती. थोडा वेळ गप्प राहिले आणि विचारलं, "सर, पोलरायझर लावून बघू का?" (या काचेखाली काही परक्या वस्तू चमकतात.) त्यांनी मान डोलावली. अंधारात जायंट सेलच्या पोटात टाक्याच्या धाग्याचा तुकडा लख्ख चमकत होता. टीबी नव्हे, परकी वस्तू गिळलेला जायंट सेल.