कॉम्प्युटर स्लो झालाय? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

लॅपटॉप चार-पाच वर्षांचा झाला की घरोघरी एकच निदान ऐकू येतं: "व्हायरस आलाय, फॉरमॅट मारून घे." मारला की पंधरा दिवस बरं वाटतं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. दुखणं नेमकं कुठे आहे, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

पाहायला दोन मिनिटं पुरतात. मशीन रखडलेलं असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी आणि डिस्क यांपैकी कोणाचा आकडा शंभराला टेकलाय ते बघा.

जुन्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा डिस्कच सापडते. सीपीयू दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत आणि डिस्क मात्र १००. आत फिरती हार्ड डिस्क असते, बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेणारी. म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. ऐकायला कमी वाटतं, पण विखुरलेल्या छोट्या फाइली वाचायच्या झाल्या तर अशी डिस्क सेकंदाला शंभरेकच वाचू शकते. विंडोज १० किंवा ११ मात्र अपडेट, इंडेक्सिंग (शोधासाठी फाइलींची यादी करणं), स्कॅनिंग अशी कामं मागच्या मागे चालूच ठेवतं. एसएसडी म्हणजे चिपवर डेटा साठवणारी डिस्क; तिच्यात फिरणारं काहीच नसल्यामुळे तीच वाचनं हजारोंच्या हिशेबात होतात. जुन्या मशीनवर करण्यासारखा एकच खर्च सांगा म्हटलं, तर मी डोळे झाकून एसएसडी सांगेन. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र वेगाचं नंतर बघू, आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा.

अशा वेळी लोक काय करतात? फुकटातलं 'पीसी बूस्टर' टाकतात. रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या, हजार जुन्या नोंदी काढल्याने वेगात जाणवण्याइतका फरक पडत नाही. भलती नोंद गेली तर एखादा प्रोग्रॅम बंद पडतो, आणि तो बूस्टर स्वतःच स्टार्टअपमध्ये, म्हणजे मशीनबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ठाण मांडून बसतो. तीच गत दोन अँटिव्हायरसची. दोघंही प्रत्येक फाइल तपासायला धावतात. विंडोजमधला डिफेंडर घरच्या वापराला पुरेसा आहे. आणि एसएसडी बसवल्यावर जुन्या सवयीने वेगळं डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणारं) सॉफ्टवेअर चालवू नका. उपयोग शून्य, झीज फुकटची.

मेमरी, म्हणजेच रॅम, भरलेली दिसली तर प्रश्न वेगळा. ४ जीबी रॅममध्ये विंडोज आणि ब्राउझरचे वीस टॅब मावत नाहीत. रॅम संपली की विंडोज डिस्कचाच आधार घेतं, त्यामुळे डिस्कही शंभरावर जाते आणि आपण भलत्यालाच दोष देतो. म्हणून आधी मेमरीचा आकडा बघावा. टॅब आणि एक्स्टेन्शन कमी करा, टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमधून नको ते बंद करा. रॅम वाढवायची तर आधी मॉडेल तपासा: डीडीआर३ च्या स्लॉटमध्ये डीडीआर४ बसत नाही, आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते.

सुरुवातीला ठीक आणि अर्ध्या तासाने मंद? मग उष्णता. गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपची हवा कोंडते, सीपीयू तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. फॅनमधली धूळ काढून घ्या.

एक छोटी गंमत: बऱ्याच मशीनवर 'शट डाउन' केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. फास्ट स्टार्टअपमुळे आतली अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते. आठवडाभर साचलेला गोंधळ घालवायचा तर 'रीस्टार्ट' करा.

फॉरमॅट कधी मारायचा, तर खरोखर मालवेअर (व्हायरससारखं घातक सॉफ्टवेअर) शिरलं असेल आणि निघत नसेल तेव्हा. त्याआधी एवढं लक्षात ठेवा: फॉरमॅटमध्ये विंडोज असलेला सी ड्राइव्ह पुसला जातो, आणि डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे बहुधा सी ड्राइव्हवरच असतात. टॅलीचं डेटा फोल्डर कुठे आहे ते शोधून ठेवा. आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली असतील, तर ते फॉन्टही कॉपी करा. नाहीतर आजोबांनी टाइप केलेली वंशावळ उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल.