मॉडेल कारचं इंटेरियर खेळण्यासारखं दिसतंय? या चुका टाळा

बाहेरून गाडी एकदम कडक, बॉडीला पॉलिश, चाकं बरोबर, आणि खिडकीतून आत डोकावलं की सगळं काळंकुट्ट चकचकीत प्लास्टिक. माझ्या पहिल्या पाच-सहा गाड्यांचं हेच झालं. मग टेक्स्चरच्या मागे लागलो आणि गाड्या अजून बिघडवल्या, कारण मला वाटायचं टेक्स्चर म्हणजे आत काहीतरी शिंपडायचं नाहीतर चिकटवायचं. आता कळतंय की इंटेरियर खोटं दिसतं ते बहुतेक वेळा टेक्स्चर जास्त झाल्यामुळे, कमी पडल्यामुळे क्वचितच.

रांगोळी, पीठ आणि खायचा सोडा

पहिल्या अ‍ॅम्बेसेडरच्या फ्लोअरला फेविकॉल लावून वरून करडी रांगोळी टाकली. बोट फिरवलं तर मस्त खरखरीत लागत होतं, म्हटलं जमलं. मोबाईलवर फोटो काढून झूम केला तर गाडीत कोणीतरी खडीचा डंपर रिकामा केलाय असं दिसत होतं. हिशोब अगदी सोपा आहे पण आधी कोणी करत नाही: १:२४ मध्ये (म्हणजे खऱ्या गाडीपेक्षा २४ पट लहान मॉडेलमध्ये) रांगोळीचा अर्ध्या मिलीमीटरचा दाणा म्हणजे खऱ्या गाडीत १२ मिलीमीटरचा खडा. उलटं बघा, खऱ्या कार्पेटचे केस सात-आठ मिलीमीटर धरले तर मॉडेलमध्ये ते फक्त ०.३ मिलीमीटर व्हायला पाहिजेत. म्हणूनच सीटवर खरं कापड चिकटवलं की ते गोणपाट वाटतं, पाव मिलीमीटरचा सुती धागा तिथे ६ मिलीमीटरचा दोर होतो ना.

रांगोळी फसली म्हणून घरातलं दादरचं (दादर ज्वारीचं) पीठ घेतलं. आई बघून म्हणाली, "काय करी ऱ्हायना रे भाऊ, पीठ खावाले से का गाडीले लावाले?" तिचं बरोबर निघालं, पावसाळ्यात त्या कार्पेटला जाळी लागली. खायचा सोडा पण खूप जण सुचवतात, पण तो काही महिन्यांनी पिवळा पडू शकतो, आणि त्याला सुपरग्लू लागला की त्या क्षणाला दगड होतो, सरकवायला वेळच मिळत नाही.

चालतं काय? फ्लॉकिंग पावडर (अगदी बारीक केसांची भुकटी) किंवा एम्बॉसिंग पावडर, क्राफ्टच्या सामानात मिळते, ऑनलाइन पण. आधी फ्लोअर कार्पेटच्याच रंगात मॅट रंगवायचा, मग फेविकॉल थोडं पाणी घालून पातळ करून ब्रशने पसरवायचं, थोड्याच भागाला, नाहीतर एका टोकाला पावडर टाकेपर्यंत दुसरं टोक सुकलेलं असतं. पावडर चहाच्या गाळणीतून पाडायची आणि सुकली की उलटं करून टिचकी मारायची. पावडर नसेल तर सोन्याच्या दुकानात अंगठीची डबी देतात तिच्या आतलं मखमली अस्तर वापरा, जळगावात राहून घरात अशा दोन-चार डब्या नाहीत असं घर दाखवा मला. त्याचे केस बारीक असतात, फ्लोअरला चालून जातात.

पण कार्पेट टाकायच्या आधी सीट, कन्सोल, दरवाज्याचे पॅनल सगळं गोंद न लावता कोरडंच बसवून बघा. कार्पेटच्या जाडीने सीट वर उचलली जाते आणि मग छत बसत नाही, हे मला छत हातात धरून कळलंय.

रंग काळा, चमक सगळीकडे सारखी

खरी चूक ही आहे आणि हिच्याकडे कोणी बघत नाही. काळ्या इंटेरियरला शुद्ध काळा मारू नका, गडद करडा घ्या, कारण बंद गाडीत तसाही अंधार असतो आणि काचेतून तो अजून एक शेड गडद दिसतो. आणि चमक वेगवेगळी ठेवा. कार्पेट पूर्ण मॅट, डॅशबोर्ड मॅट पण किंचित जीव असलेला, रेक्झिनच्या सीटला सॅटिन, म्हणजे मॅट आणि ग्लॉसच्या मधली चमक. एकच करडा रंग तीन वेगवेगळ्या वार्निशने तीन वेगळी मटेरियल वाटतो, काहीही न शिंपडता.

रेक्झिन बघायची असेल तर चोपडा-यावलकडच्या एखाद्या जुन्या काळी-पिवळीत बसा. ड्रायव्हरच्या सीटची दरवाज्याकडची कड फाटलेली, आतून पिवळा स्पंज डोकावतोय, मधला भाग बसून बसून चकाकलेला, घड्यांमध्ये मात्र धूळ आणि रंग अजून नवा. गिअरची मूठ गुळगुळीत, आणि पायाखालच्या मॅटवर टाच टेकते तिथे खड्डा. आणि आपण काय करतो, ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश) घेऊन सगळ्या सीटवर सारखाच फिरवतो. झीज फक्त जिथे माणूस घासतो तिथेच दाखवायची. ब्रश कागदावर पुसून पुसून रंग जवळजवळ संपला पाहिजे, मगच कडेवर हलका फिरवायचा.

शिलाईच्या खाचांमध्ये गडद वॉश (पाण्यासारखा पातळ केलेला रंग) सोडताना सीट मॅट असेल तर वॉश पसरून चहाच्या कपाच्या गोल डागासारखा डाग पडतो. आधी ग्लॉस किंवा सॅटिन कोट, मग वॉश, जादाचा इअरबडने पुसायचा, आणि शेवटी हवी ती चमक.

रंग खरखरीत आला, पांढरा पडला, प्लास्टिक वितळलं

हे आपल्याकडचं खास दुखणं आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी स्प्रे मारू नका, रंग पार्टपर्यंत पोचायच्या आधीच हवेत सुकतो आणि पृष्ठभाग सॅंडपेपरसारखा होतो. सकाळी सहाला मारा. गंमत म्हणजे हाच दोष डॅशबोर्डला मुद्दाम वापरता येतो, कॅन एक-दीड फूट लांब धरून हलकासा फवारा मारला की बारीक दाणेदार प्लास्टिकचं टेक्स्चर येतं, पण आधी टाकाऊ तुकड्यावर बघा.

दुसरं, गरम होतंय म्हणून कूलरसमोर बसून लॅकर मारला की त्यावर पांढरट साय धरते. कूलरची हवा दमट असते आणि तो ओलावा सुकणाऱ्या लॅकरमध्ये अडकतो. पावसाळ्यात पण तेच. हलकं असेल तर कोरड्या दिवशी त्यावर पातळ कोट मारला की बऱ्याचदा जातं.

आणि हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर किटच्या प्लास्टिकला लावू नका. किट पॉलिस्टायरीनचं असतं, एनसी थिनर त्याला विरघळवतो. माझी मागची सीट त्याने भाकरीवरच्या लोण्यासारखी बसली होती.

काच चिकटवताना

काचेला सुपरग्लू नको. त्याची वाफ काचेवर आतून पांढरी धुरकट बसते, आणि बंद गाडीत तर हमखास. फेविकॉल लावा, सुकला की पारदर्शक होतो. मीटरच्या काचेला पण त्याचाच एक थेंब पुरतो, डिकल (मीटरच्या चित्राचं स्टिकर) लावून सुकल्यावर वरून टाकायचा.

आणि काच बसवायच्या आधी आतून फुंकर मारून घ्या, मोबाईलच्या टॉर्चने बघा, केस-कण काढा. माझ्या त्या पहिल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये रांगोळी अजून आहे. काच सुपरग्लूने चिकटवलेली आहे, धुरकट आहे, त्यामुळे आतलं फारसं दिसत नाही, तेवढं बरंय.