घरची मार्टिनी बिघडते कुठे? या चुका टाळा

जिन चांगली महागातली, ग्लासही उंच दांड्याचा, तरी मार्टिनी, म्हणजे जिन आणि व्हर्मूथ या स्वाद दिलेल्या वाइनचं गार कॉकटेल, पचपचीत होते नाहीतर घसा जाळते. दोष बहुधा जिनचा नसतो, बर्फाचा असतो. नीट ढवळलेल्या मार्टिनीत जवळजवळ पाचवा हिस्सा बर्फाचं पाणी असतं. म्हणजे बर्फाचीही चव लागणारच.

मुंबईच्या घरांत गोची फ्रीजरमध्येच होते. साफ केलेले बांगडे नि कोळंबी तिथेच, शेजारी उघडा आइस ट्रे. तो वास बर्फ ओढून घेतो. लिंबू सरबतात खपून जाईल, मार्टिनीत लपायला जागाच नाही. झाकणाचा ट्रे घ्या आणि बर्फ आदल्या रात्री लावा. मे महिन्यात तर बर्फ ओट्यावर काढून मग बाटल्या शोधत बसू नका. क्यूबवर सुटलेलं पाणी थेट पेयात जातं. आधी 60 मिली जिन आणि 10 ते 15 मिली ड्राय व्हर्मूथ मोजा, बर्फ शेवटी. तोही भांडं दोन-तृतीयांश भरेल इतका. कमी बर्फ घातला की पेय कमी पातळ होतं, असं अनेकांना वाटतं. होतं उलटंच: चार खडे भराभर विरघळतात आणि पेय धड गारही होत नाही.

ढवळायचं अर्धा मिनिट. बारस्पून नसेल तर फालुद्याचा लांब चमचा उत्तम. शेकर मात्र नको, त्याने हवा आणि बर्फाचा चुरा मिसळून पेय गढूळतं.

जिन फ्रीजरमध्ये ठेवत असाल तर बर्फ पुरेसा वितळत नाही, म्हणून पेय जहाल लागतं. फ्रीजरमध्ये ग्लास ठेवा, जिन बाहेर. आता हातात असलेलं पेय जहाल झालंच असेल, तर चमचाभर गार पाणी घाला, लाजू नका.

व्हर्मूथ म्हणजे शेवटी वाइन. उघडलेली बाटली शोकेसमध्ये वर्षभर मिरवली की तिची चव उतरते. फ्रीजमध्ये ठेवा, महिना-दोन महिन्यांत संपवा.

सजावटीला कागदी लिंबाची साल चालवून घेऊ नका, तिचा वास वेगळा. जाड सालीचा पिवळा लेमन क्रॉफर्ड मार्केटात मिळतो. साल काढताना आतला पांढरा भाग येऊ देऊ नका, तो कडू असतो. ऑलिव्ह हवे असतील तर मिठाच्या पाण्यातले, अख्खे घ्या. तेलातले घातलेत तर वर तवंग येतो.