देवस्थानच्या जमिनीचा हिशेब मागायचा तर सुरुवात कुठून करायची

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे देवस्थानच्या नावावर केळीची जमीन असते, ती वर्षानुवर्षं एकच माणूस कसतो आणि खंड (जमिनीचं भाडं) किती येतो हे गावात कोणालाच नीट माहीत नसतं. विचारलं की उत्तर येतं, 'तुमचा काय संबंध?'

संबंध आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 2(10) नुसार मंदिरात पूजेला जाण्याचा हक्क असलेला किंवा नेहमी जाणारा माणूस हितसंबंध असलेली व्यक्ती ठरतो. मठाचा शिष्य, नोंदणीकृत संस्थेचा सभासद, इतर ट्रस्टचा लाभार्थी हेही त्यात येतात. आपण यातले कोण, हे धर्मादाय आयुक्तांकडे करायच्या अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा. ते राहिलं की समोरचा वकील तिथूनच सुरुवात करतो.

अर्जाआधी मात्र कागद. जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकच्या उताऱ्याची, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदीची, नक्कल काढा आणि सातबारा शेजारी ठेवून गट नंबर, क्षेत्र जुळवा. सातबाऱ्यावर संस्थेऐवजी विश्वस्ताचं स्वतःचं नाव चढलेलं दिसलं, तर फेरफार क्रमांक टिपून त्याची नक्कल घ्या. कोणत्या कागदाच्या आधारे नाव लागलं, ते तिथेच कळतं. उताऱ्यावर वारलेल्या विश्वस्तांचीच नावं असणं तर नेहमीचं. बदल झाल्यापासून 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे नोंदीतल्या बदलाची माहिती, द्यायला हवा (कलम 22), तो दिलेलाच नसतो.

मग करार पाहा. ठिबकचा खर्च निघावा, पिलबागही (जुन्या खोडाच्या पिलांवरचं पुढचं पीक) घेता यावी म्हणून कसणारा लांब मुदत मागतो आणि विश्वस्त सही करून मोकळे होतात. शेतजमीन 10 वर्षांपेक्षा, बिगरशेती जमीन किंवा इमारत 3 वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायची असेल, तर कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. विक्री, अदलाबदल, बक्षीस यांनाही लागते. गावसभेचा ठराव ही मंजुरी नव्हे.

जमीन हातची जाण्याच्या बेतात असेल तर कलम 41ई खाली मनाई हुकूम मागा. अफरातफर किंवा हिशेब देण्यात सतत कसूर असेल तर 41डी खाली विश्वस्ताला निलंबित करण्याचा, काढण्याचा अर्ज होतो. पण तिथे दोषारोप ठेवले जातात, विश्वस्ताला खुलाशाची संधी मिळते, त्यामुळे 'पैसे खाल्ले' एवढं लिहून भागत नाही. कोणत्या वर्षाचा खंड, कोणत्या पावतीचा, कोणत्या लेखापरीक्षण अहवालात दिसत नाही, हे लिहा. वर्गणीची जुनी भांडणं त्यात घालू नका, अर्ज पातळ होतो. थेट दिवाणी कोर्टात धावणंही महागात पडतं: कलम 50 च्या दाव्याला हितसंबंध असलेल्या किमान दोन व्यक्ती (दावा नुसत्या जाहीर ठरावाचा किंवा मनाई हुकमाचा असेल तर एकही चालते) आणि कलम 51 खालची धर्मादाय आयुक्तांची लेखी संमती लागते.

घरगुती, म्हणजे खासगी ट्रस्टला हा कायदा नाही. तिथे केंद्राचा 1882 चा भारतीय न्यास अधिनियम. त्याच्या कलम 57 ने लाभार्थी न्यासपत्र आणि हिशेब पाहू शकतो. कलम 68 मात्र सहसा कोणी वाचत नाही: गैरव्यवहार कळूनही लाभार्थ्याने तो लपवला किंवा वाजवी वेळेत पावलं उचलली नाहीत, तर नुकसान भरून निघेपर्यंत त्याचा हिस्सा अडकवून ठेवण्याचा हक्क बाकीच्या लाभार्थ्यांना आहे.