फ्रेंच पाकिटावरचं 'गूर्माँ' इंग्रजीत आणताना

फ्रेंच खाद्यपदार्थांच्या जाहिरातीत 'गूर्माँ' (चवीने खाण्याजोगं, मन तृप्त करणारं) हा शब्द जागोजागी दिसतो. तो इंग्रजीत तसाच ठेवला की फसगत होते, कारण तिथे 'गूरमाँड' म्हणजे खादाड, फार तर खाण्याचा शौकीन माणूस.

१. शब्दकोशाआधी पदार्थ पाहा. चॉकलेट केक असेल तर 'इन्डल्जन्ट' किंवा 'रिच', सूप असेल तर 'हार्टी'. 'पोज गूर्मांद' (खाऊसाठीची छोटी विश्रांती) असेल तर सरळ 'अ लिटल ट्रीट'.

२. 'फोंदाँ' (शब्दशः विरघळणारं) मांसासाठी 'टेंडर', चीजसाठी 'क्रीमी', चॉकलेटसाठी 'मेल्ट-इन-द-माउथ'. 'फॉन्डन्ट' लिहिलंत तर वाचकाला केकवरचा साखरेचा थर आठवेल.

३. 'आ लाँसिएन' (जुन्या पद्धतीचं) मोहरीच्या बरणीवर 'होलग्रेन', बिस्किटांवर 'ट्रॅडिशनल'.

४. विशेषणांची माळ दोनवर आणा. फ्रेंचमध्ये तीन खपतात, इंग्रजीत ती थापेबाजी वाटते.

फक्त कायद्याच्या शब्दांशी खेळू नका. 'आलेजे आं मातिएर ग्रास' म्हणजे 'रिड्यूस्ड फॅट', 'लो फॅट' नव्हे. युरोपीय नियमानुसार पहिल्यासाठी तशाच इतर पदार्थांपेक्षा किमान ३० टक्के कमी फॅट लागतं. दुसऱ्यासाठी घन पदार्थात १०० ग्रॅममागे ३ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.