एसीटीएचचं सॅम्पल घेण्याआधी

डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करून मिरजेत एका लॅबमध्ये लागले. पहिल्याच महिन्यात माझ्या हातून एसीटीएच या हार्मोनच्या तपासणीचं सॅम्पल वाया गेलं. तासगावकडच्या एक मावशी पहाटेची एसटी धरून आल्या होत्या. मी रक्त घेतलं, ट्यूब स्टँडला लावली आणि पुढच्या पेशंटकडे वळले. तासाभराने सरांनी विचारलं, "बर्फात ठेवलीस ना?" मावशींना पुन्हा बोलवायचा फोन मीच केला, तेव्हा आवाज निघत नव्हता.

एसीटीएच म्हणजे ३९ अमिनो आम्लांची साखळी. ट्यूबमध्ये रक्तातली एन्झाइम्स तिचे तुकडे पाडत राहतात. म्हणून जांभळ्या टोपणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली ट्यूब आधीच गार करून ठेवा. रक्त घेतलं की हळूच उलटसुलट करून थेट बर्फात. मग थंड सेंट्रिफ्यूज, आणि प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, लगेच वेगळा.

आता हा हार्मोन करतो काय? मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून सीआरएच हा इशारा देणारा हार्मोन आला की मेंदूच्या तळाची वाटाण्याएवढी पिट्युटरी एसीटीएच सोडते. तो मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसॉल हा हार्मोन बनवायला लावतो. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की तेच वरच्या दोघांना आवरतं. (याच ग्रंथींच्या अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचा कारभार मात्र मुख्यतः मूत्रपिंडातलं रेनिन आणि रक्तातलं पोटॅशियम यांच्याकडे. तोंडी परीक्षेत इथे बरेचजण अडकतात.)

त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचायचे. कॉर्टिसॉल कमी आणि एसीटीएच भरपूर, तर बिघाड अ‍ॅड्रिनलमध्ये. कॉर्टिसॉल कमी असूनही एसीटीएच वाढलेला नाही, तर गडबड वर, पिट्युटरी किंवा हायपोथॅलॅमसमध्ये.

मावशी दुसऱ्यांदा आल्या तेव्हा मी त्यांचा हात नीट पाहिला. तळहाताच्या रेषा काळ्या पडल्या होत्या. "खुरप्यानं झालं असंल गं," त्या म्हणाल्या. हिरड्याही काळवंडलेल्या होत्या. वाढलेला एसीटीएच त्वचेतल्या रंगपेशींनाही चेतवतो. थॉमस अ‍ॅडिसनने १८५५ मध्ये हाच काळेपणा नोंदवला होता. मावशींचा एसीटीएच खूप वाढलेला निघाला आणि कॉर्टिसॉल तळाला.

ट्यूबवर वेळ लिहाच. कॉर्टिसॉल सकाळी आठच्या सुमारास चढलेलं असतं, मध्यरात्री उतरलेलं. वेळ नसेल तर आकड्याला अर्थ नाही.

आणि गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या चालू आहेत का, हे आवर्जून विचारा. त्यात स्टिरॉइड असू शकतं. ते कॉर्टिसॉलसारखंच काम करतं, म्हणून बरेच दिवस पोटात गेलं की एसीटीएच दबतो, अ‍ॅड्रिनल आक्रसतात, आणि गोळी एकदम बंद केली तर जिवावर बेततं. आपण बंद करा म्हणायचं नाही, फॉर्मवर लिहून डॉक्टरांना कळवायचं. गोळी, सांध्यातलं इंजेक्शन, दम्याचा पंप, अंगाला लावायचं मलम, चारही नावं घेऊन विचारा. नुसतं "स्टिरॉइड घेता का?" म्हटलं, तर बहुतेकजण नाहीच म्हणतात.