टाइट सँडस्टोनमधला वायू: पोट मोजताना गळा विसरू नका

सह्याद्रीतल्या काळ्या दगडाला कित्येकदा बोट जाईल एवढी भोकं असतात, आणि तरी त्यात खणलेली विहीर कोरडी निघते. भोकं आहेत, पण एकमेकांना जोडलेली नाहीत. टाइट सँडस्टोन म्हणजे नैसर्गिक वायू धरून ठेवणारा घट्ट वालुकाश्म; त्याची गत थोडी बरी. तिथली छिद्रं बऱ्याच अंशी जोडलेली असतात, पण सुरईसारखी: पोट मोठं, गळा बारीक. वायू राहतो पोटात आणि बाहेर येतो गळ्यातून. हा गळा साधारण २ ते ०.०३ मायक्रॉन रुंद असतो. या खडकांबाबत होणाऱ्या बहुतेक चुका पोटाकडेच पाहत बसल्यामुळे होतात.

सगळ्यात जुनी चूक म्हणजे सच्छिद्रतेच्या, म्हणजे खडकातल्या मोकळ्या जागेच्या, आकड्यावरून थर चांगला की वाईट हे ठरवणं. दोन नमुन्यांची सच्छिद्रता ९ टक्केच असेल, पण एकाचा गळा दुसऱ्याच्या निम्मा असेल, तर त्याची पारगम्यता (वायू आरपार जाऊ देण्याची क्षमता) ढोबळमानाने पाव पटीवर येते. फेल्डस्पार हे खनिज विरघळून झालेली मोठी छिद्रं सूक्ष्मदर्शकाखाली देखणी दिसतात. त्यांच्या तोंडाशी इलाइट हे चिकणमातीचं खनिज बसलेलं असेल तर त्या देखणेपणाचा उपयोग नाही.

खरा घोळ प्रयोगशाळेत होतो. कोअरचा (विहिरीतून कापून काढलेल्या दगडी कांडीचा) नमुना गरम ओव्हनमध्ये खडखडीत वाळवला की इलाइटचे केसासारखे तंतू छिद्राच्या भिंतीला चिकटून बसतात, गळा मोकळा होतो आणि पारगम्यता फुगून येते. असे नमुने ६० ते ६५ अंश सेल्सिअसला, ४० ते ४५ टक्के आर्द्रतेत सावकाश वाळवा. तंतुमय इलाइट फार असेल तर क्रिटिकल पॉइंट ड्रायिंगच (तंतू ओढले जाणार नाहीत अशा रीतीने द्रव काढणं) हवं. पुढे वायू छिद्राच्या भिंतीवरून घसरण्याचा परिणाम येतो, जो क्लिंकेनबर्ग या संशोधकाने १९४१ मध्ये दाखवला. कमी दाबाला वायू अरुंद गळ्यातून खऱ्यापेक्षा सहज गेल्यासारखा दिसतो. म्हणून एकाच दाबावरचा आकडा घेऊ नका. तीन-चार दाबांवर मोजून दुरुस्ती करा. शिवाय नमुना टेबलावर असतो, थर तीन किलोमीटर खोल. वरच्या खडकाचा भार आणि छिद्रांतलं पाणी धरलं की पारगम्यता दहापटीने, कधी त्याहूनही जास्त घसरते. कोरड्या, बिनदाबाच्या नमुन्याचा आकडा थेट थराच्या संगणकीय सिम्युलेशनमध्ये घालणाऱ्याला मग विहीर ‘फसवते’. तिचा काय दोष?

पारा घुसवण्याच्या चाचणीतही अशीच फसगत होते. ६०,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाला पारा सुमारे ३.६ नॅनोमीटरच्या गळ्यात शिरतो, पण आलेखावर दिसतो तो गळा, पोट नव्हे. बारीक गळ्यामागचं मोठं पोटसुद्धा बारीक छिद्रांच्याच खात्यात जमा होतं. सुरुवातीला नमुन्याच्या खडबडीत पृष्ठभागावर भरणारा पारा वजा केला नाही, तर नसलेले मोठे गळे ‘सापडतात’. पोटाचा अंदाज हवा असेल तर जोडीला एनएमआर (छिद्रांतल्या पाण्याची चुंबकीय अनुनाद चाचणी) घ्या. मात्र वालुकाश्मासाठी सरसकट वापरला जाणारा ३३ मिलिसेकंदांचा कटऑफ (अडकलेलं आणि वाहू शकणारं पाणी यांतली सीमा) इथे डोळे झाकून लावू नका. आपले नमुने सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून, वाहतं पाणी काढून टाकून तो ठरवा.

आता विहिरीकडे. चीनच्या ऑर्डोस खोऱ्यातलं, इनर मंगोलियातलं सुलिगे क्षेत्र २००० साली उजेडात आलं. सु-६ या विहिरीची खुली प्रवाहक्षमता (तळाशी उलटा दाब नसता तर मिळेल तो प्रवाह) दिवसाला १२ लाख घनमीटरांहून जास्त भरली आणि साहजिकच आशा उंचावल्या. पुढे मात्र तिथली नेहमीची विहीर दिवसाला दहा हजार घनमीटरांच्या आसपास देणारी निघाली. पर्मियन काळातल्या (२५ कोटी वर्षांहून जुन्या) नद्यांनी आणलेल्या वाळूचे ते तुटक पट्टे. भरड वाळूचा चांगला पट्टा सापडला तर ठीक, बाजूला सरकलं की गळे आवळलेले. पहिल्या चाचणीत फ्रॅक्चरजवळचा, म्हणजे दाबाने द्रव मारून खडकात पाडलेल्या भेगेजवळचा, वायू बोलतो. आतल्या खडकाचं म्हणणं महिन्यांनी कळतं.

उत्पादन अचानक पडलं की लगेच ‘थर संपला’ म्हणू नका. पॅकर (दोन नळ्यांमधली जागा बंद करणारा बूच) नसलेल्या विहिरीत केसिंग (बाहेरची नळी) आणि ट्यूबिंग (आतली नळी) यांच्या दाबातला फरक वाढत असेल, तर बहुधा विहिरीत पाणी साचतंय. फेस करणाऱ्या फोमच्या कांड्या, बारीक ट्यूबिंग किंवा पाणी वर ढकलणारा प्लंजर हे उपाय आधी करून पाहा. फरक वाढत नाही, पण फ्रॅक्चरिंगनंतर पाणीच फार कमी परत आलं होतं? मग पाणी गळ्यांत केशाकर्षणाने अडकलेलं असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी विहीर काही दिवस बंद ठेवल्याने पाणी आत मुरून प्रवाह सुधारतो, पण दरवेळी नाही. पुन्हा फ्रॅक्चर करण्याच्या खर्चापुढे ही वाट पाहणं स्वस्त पडतं.

आणि साठ्याचा अंदाज. उत्पादन काळाबरोबर कसं घटतं ते सांगणारं आर्प्सचं १९४५ चं घटसूत्र विहिरीमुळे होणारी दाबातली घट तिच्या क्षेत्राच्या सीमेपर्यंत पोहोचल्यावर लागू होतं. उत्पादनाचा दर आणि काळ लॉग-लॉग कागदावर मांडा. रेषा वजा अर्ध्या उताराने जात असेल तर वायू अजून फ्रॅक्चरकडे रेषीय प्रवाहाने येतोय. हा टप्पा टाइट खडकात वर्षानुवर्षं चालू शकतो. तेवढ्या माहितीवर सूत्र बसवलं की बी-घातांक (घट किती सावकाश होत जाते ते सांगणारा आकडा) १ च्या वर जातो आणि कागदावरचा साठा खडकात असलेल्यापेक्षा मोठा होतो.